फुले नकोत, मुली पाठवा

दुकानाच्या दारात अकरा मुली उभ्या होत्या, आणि एकीच्याही हातात फूल नव्हतं!

साहेबाच्या हातात मात्र वर्तमानपत्र होतं. साहेब म्हणजे या घरातला धाकटा मुलगा. वयाच्या सहाव्या वर्षी त्यानं पाटीवर स्वतःच्या नावापुढे 'साहेब' असं लिहिलं होतं, आणि ते पुसायची हिंमत घरात कुणाला झाली नव्हती. आता तो एका खात्यात खरोखरच उपअधीक्षक (प्रभारी) होता. कंस तो बोलतानाही उच्चारत असे.

"ताई! हे काय आहे?"

थोरलीनं मान वर केली. अकरा दिवस रडून डोळे सुजलेले, बोटांच्या पेरांत पितळेचा कीस अडकलेला, आणि वय वर्षे अडतीस. त्यातली बावीस वर्षं याच दुकानात, आईच्या या कुलपं-किल्ल्यांच्या दुकानात, कानस घासत गेलेली... तिनं दाराकडे नीट पाहिलं.

"मुली आहेत," ती म्हणाली.

"ते दिसतंय मला! इथं कशाला आल्यात?"

त्यांतल्या सगळ्यांत उंच मुलीनं खिशातून घडी घातलेलं कात्रण काढलं. "आजोबांनी वाचून दाखवलं आणि म्हणाले, जा. परत किती वाजता यायचं ते मात्र यात लिहिलेलं नाही."

कात्रणात लिहिलं होतं की कुलूपवाल्या बाई गेल्या. स्मृतिसभा शनिवारी दुपारी चार वाजता, राहत्या दुकानी. त्याखाली एक ओळ होती: 'फुले नकोत. मुली पाठवा.' आणि त्याखाली तीन ओळी भरून, ठळक अक्षरांत, साहेबाचं नाव, हुद्दा, खातं आणि कंस.

थोरलीनं लिहून दिलेली ओळ अशी नव्हती. तिनं रात्रभर अश्रू ढाळत, चार कागद फाडून लिहिलं होतं: 'फुले नकोत, आईच्या स्मृतिप्रीत्यर्थ मुलींसाठीच्या पाठराखीण उपक्रमाला मदत पाठवा.' पाठराखीण म्हणजे दर शनिवारी दोन तास, एक कामकरी बाई आणि एक शाळकरी मुलगी. बाईनं आपलं काम दाखवायचं, मुलीनं प्रश्न विचारायचे, आणि मुलीच्या घरचे तिचं काही परस्पर ठरवायला लागले की बाईनं जाऊन त्यांच्या घरी बसायचं आणि उठायचं नाही. उपक्रमाचा शेवटचा भाग आईला फार आवडे. तीन वर्षांत ती चार घरांत जाऊन बसली होती. एका घरात तर ती अडीच दिवस बसली, आणि त्या लोकांनी मुलीचं शिक्षण चालू ठेवलं ते आईनं घरी जावं म्हणून. पण आता वाचनालयानं उपक्रमाला दिलेलं तळघर परत मागितलं होतं. मोडक्या खुर्च्या ठेवायला त्यांना जागा हवी होती.

थोरलीच्या मनात एकच होतं. दुकानाची मागची खोली शनिवारी पाठराखिणींना द्यायची. आईच्या जिवाला शांती मिळेल ती तिथंच... आणि कदाचित थोरलीच्याही.

साहेबाच्या मनात दुसरंच होतं. दुकानाचं 'स्मृतिदालन' करायचं. मध्ये आईचा अर्धपुतळा, भिंतीवर आईची तसबीर, कोपऱ्यात टेबल, टेबलावर साहेबाची कार्डं. थोरलीलाही त्यात स्थान होतं: धूळ पुसणं. दुकान होतं आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या नावावर. त्यांच्या सहीचा कागद साहेबानं तयार करून आणला होता, आणि आजच्या सभेत सगळ्यांसमोर ती सही व्हायची होती.

आप्पा कोपऱ्यात बसले होते. ते निवृत्त पोस्टमन. नऊ वर्षांपासून त्यांना ऐकू येत नसे, चहाचा विषय सोडून.

"छपाईची चूक आहे," साहेब मुलींना म्हणाला. "मोठी चूक. तुम्ही जा आता."

"नाही," थोरली म्हणाली.

बावीस वर्षांत या दुकानात हा शब्द तिनं फक्त दुसऱ्याच्या किल्लीचा फोटो घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला ऐकवला होता.

"ताई, पाहुणे येतील आता. चाळीसच खुर्च्या सांगितल्यात मी!"

"मग अकरा यांना, एकोणतीस तुझ्या पाहुण्यांना. या गं आत. चपला काढू नका, खाली स्प्रिंगा पडल्यात."

मुली आत आल्या. दोघी दूधवाल्याच्या नाती होत्या; एकीला निवृत्त न्यायाधीशांनी पाठवलं होतं, कारण त्यांची तिजोरी आईनं तीनदा उघडून दिली होती आणि तिन्ही वेळा आत काय आहे ते विचारलं नव्हतं. कुणालाच ती जाहिरात विचित्र वाटली नव्हती, हेच सगळ्यांत विचित्र होतं. आख्ख्या वस्तीला ठाऊक होतं की कुलूपवाल्या बाईंना मुली लागतात. त्यांच्या मागून सत्तरीच्या एक आजीबाई काठी टेकत शिरल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या.

"आजी, तुम्ही पाहुण्यांत ना?" साहेबानं आशेनं विचारलं.

"छे. मला मुलगी नाही, मग पाठवणार कुणाला? पण मी कुणाची तरी मुलगी होतेच की. म्हणून मीच आले."

साहेबानं डोळे मिटून घेतले.

थोरलीनं मागच्या खोलीतून आईची पेटी ओढून आणली आणि प्रत्येकीच्या हातात एक बंद कुलूप आणि वाकवलेली तार दिली. आईची शिकवायची रीतच तशी होती. ती कधी समजावून सांगत नसे. कुलूप हातात देऊन म्हणे, "हे तुझ्यावर रुसलंय. समजूत काढ." आणि निघून जाई! थोरलीनंही तेच वाक्य म्हटलं, आणि शेवटचा शब्द तिला पुन्हा म्हणावा लागला.

"कुलपाकडे बघायचं नाही," ती पुढे म्हणाली. "तोंड फिरवून बसायचं. आत काय चाललंय ते बोटांना कळतं. डोळे मध्ये मध्ये करतात."

आणि मग चारला पाहुणे आले तेव्हा त्यांना दिसलं ते असं: अकरा मुली आणि एक आजीबाई चार दिशांना तोंडं फिरवून, हातांत काहीतरी कुरतडत बसलेल्या. पाहुण्यांनी समजून घेतलं. दुःख प्रत्येकाचं वेगळं असतं.

साहेबानं घसा साफ केला आणि पुतळ्यावरचं कापड ओढलं.

पुतळा डोळा मारत होता.

त्यात शिल्पकाराचा दोष नव्हता. साहेबानं त्याला जो फोटो दिला होता, त्यात आई एक डोळा मिटून किल्लीच्या भोकात पाहत होती. भोक फोटोत होतं, पुतळ्यात नव्हतं. एवढे फोटो असताना साहेबानं हाच का निवडला? कारण आईच्या बाकी प्रत्येक फोटोत शेजारी थोरली होती... कुठं बॅटरी धरून, कुठं शिडी धरून, कुठं नुसतीच. या एकाच फोटोत तिचा फक्त हात आला होता, आणि हात कापता येत होता.

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं आणि ते खोकल्यात बदललं. साहेब भाषणाकडे वळला. भाषण चांगलं होतं. त्यात आईचे कष्ट होते, बावीस वर्षांपूर्वी मोडलेलं आईचं मनगट होतं, दूरच्या निवासी शाळेत जागा मिळालेला एक चौदा वर्षांचा होतकरू मुलगा होता. थोरली भिंतीला टेकून ऐकत होती. तिला सवय होती. आपल्याच घराची गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना कुठं मान डोलवायची, हे तिला बिनचूक ठाऊक होतं.

"...आणि त्या कठीण काळात," साहेब सद्गदित होऊन म्हणाला, "माझ्या ताईनं दहावीतून स्वेच्छेनं शिक्षण सोडलं, आणि दुकानाला वाहून घेतलं. स्वेच्छेनं!"

टाळ्या पडल्या. लोक वळून थोरलीकडे कौतुकानं पाहू लागले.

आणि थोरलीच्या अंतःकरणात काहीतरी अचानक मोकळं झालं, हलकेच, आवाज न करता! बावीस वर्षं तिनं सगळं सोसलं होतं. वह्या रद्दीत गेलेल्या सोसल्या, गणिताच्या बाईंना रस्त्यात टाळणं सोसलं, बोटं कापलेली सोसली, सुट्टीत येणाऱ्या भावाची पुस्तकं चोरून वाचून पुन्हा जागच्या जागी ठेवणं सोसलं... त्याग म्हणून लोकांनी गळ्यात घातलेला हार सुद्धा तिनं निमूट वागवला. पण हा एक शब्द! हा तिचा नव्हता. तो तिच्या तोंडी कुणी घातला होता?

"थांब," ती म्हणाली.

"ताई, शेवटचं पान राहिलंय फक्त."

"स्वेच्छेनं नाही."

"अगं, कौतुकच करतोय मी!"

"माझं नको करूस. कुणा दुसरीचं आहे ते, तिला नेऊन दे!" तिचा आवाज खाली येत नव्हता. "मी सोडलं नाही. मला सोडवलं. मी पहिल्या बाकावर बसले होते, फळ्यावर अर्धं गणित होतं, आणि शिपाई आला नि म्हणाला दप्तर घेऊन चल. उरलेलं अर्धं गणित काय होतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही! मी घरी येऊन विचारलं, तर प्रत्येक जण दुसरीकडे बघत होता. आई तिच्या मनगटाकडे, आप्पा खिडकीकडे, आणि तू... तू बूट घालून बघत होतास, नव्या शाळेचे. मला दुकान आवडतं. हे काम मला या शहरात कुणाहूनही बरं येतं. पण ते मी निवडलं नव्हतं, आणि निवडलं असं आज या चाळीस खुर्च्यांसमोर तू म्हणायचं नाहीस!"

साहेबाचं शेवटचं पान हातातून घसरून खाली गेलं.

"हा प्रसंग नाहीये ताई असल्या गोष्टींचा... आप्पा, तुम्ही सही करून टाका बघू." तो आप्पांच्या कानाशी वाकून ओरडला, "आप्पा! सही!"

"ओरडतोस कशाला?" आप्पा म्हणाले. "ऐकू येतंय मला."

साहेब ताडकन सरळ उभा राहिला.

"तुम्हाला... ऐकू येतं?"

"पहिल्यापासून. घरात मला विचारावं असं काही कुणी बोलेना, म्हणून म्हटलं, राहू दे." आप्पा खुर्चीचे हात धरून उठले. ते थोरलीसमोर येऊन उभे राहिले, पण तिच्या डोळ्यांत पाहायचा धीर त्यांना होईना.

"थोरले... तो शब्द माझा आहे. शाळेच्या अर्जात कारणाचा रकाना होता. मी लिहिलं, 'मुलगी स्वेच्छेने शाळा सोडत आहे.' खाली तुझं नाव होतं, सही माझी होती. तुला विचारलंही नव्हतं मी. तू 'नाही' म्हणाली असतीस तर... तर मला ते ऐकावं लागलं असतं, ना?"

"आईला माहीत होतं?" थोरलीचे ओठ पांढरे पडले होते.

"संध्याकाळी कळलं. महिनाभर बोलली नाही माझ्याशी. पण शाळेत जाऊन नाव परत घालता आलं असतं, तेही तिनं केलं नाही. मनगट मोडलेलं, दुकान बंद... गप्प बसली. हे तिला आयुष्यभर खात होतं गं. त्या शनिवारच्या मुलींकडे जायला लागली तेव्हा मी म्हटलं, या वयात कशाला दगदग? तर म्हणाली, 'घरातल्या मुलीच्या वेळी उठले नाही. आता दुसऱ्यांच्या घरी जाऊन बसते.'"

थोरलीनं पदर तोंडाशी धरला. हुंदका आलाच, पण तो दुःखाचा होता की संतापाचा हे तिला सांगता आलं नसतं. आईनं हे मला का नाही सांगितलं? जन्मभर शेजारी बसून कुलपं उघडली आम्ही... आणि हे एवढंसं बंदच ठेवलं!

"आणि ती जाहिरात," आप्पा साहेबाकडे वळले, "छपाईची चूक नाही ती. पेपरवाल्याचा फोन मीच घेतला. म्हणाला, चौकट भरली, पाच-सहा शब्द काढावे लागतील. मी म्हटलं, मुलाचा हुद्दा काढा. तो म्हणाला, त्याला हात लावायचा नाही, साहेबांनी बजावलंय. मग वरच्या ओळीतले काढायला लागलो. काढता काढता जे उरलं, ते वाचलं... आणि मला वाटलं, बरोबर आहे की! हेच तर हवं होतं हिला." त्यांनी डोळा मारणाऱ्या पुतळ्याकडे पाहिलं. "बघ, ती पण तेच म्हणतेय."

"पण सही, आप्पा?"

"एकदा दुसऱ्याच्या वतीनं सही केली, ती अजून फिटली नाही. आता दुकान जिच्या हातानं चालतं ती सांगेल. मी फक्त मान डोलवणार. ते मला नऊ वर्षांत छान जमलंय."

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून 'खट्' असा आवाज झाला आणि कुणीतरी आनंदानं किंचाळलं. साहेबानं तिकडे पाहिलं. भाषण चालू असताना कधीतरी आत शिरून, पेटीतलं एक कुलूप उचलून, मुलींमध्ये त्याची स्वतःची मुलगी बसली होती, अकरा वर्षांची, दातांत तार धरून, आणि तिच्या हातातलं कुलूप उघडं होतं.

"तू? तू इथं काय करतेस?"

"मला पाठवलंय."

"कुणी?"

"मी," मागून साहेबाची बायको म्हणाली. आजवर प्रत्येक समारंभात ती मागेच उभी असे, पाण्याचे ग्लास घेऊन. आजही ग्लास होतेच, पण तिनं ते शांतपणे खाली ठेवले. "मी जाहिरात वाचली. फुलं पाठवू नका म्हटलं होतं. वन्सं, बाराव्या मुलीला जागा आहे ना?"

मुलीचं लक्ष या कशातच नव्हतं. ती बापाकडे पाहत होती. "बाबा, आत्याला शाळा आवडत नव्हती? तुम्ही तर मला तसंच सांगितलं होतं."

साहेबानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्याच्याजवळ उत्तर होतं. खात्यात अशी उत्तरं तो रोज देई. पण समोर ते दोन डोळे, अगदी थोरलीचे, उत्तराची वाट पाहत होते... आणि तो खुर्चीत बसला, कंसाशिवाय, एखादं पोतं टाकावं तसा.

"आवडायची," तो पुटपुटला. "गणितात पहिली यायची आत्या. मला घरी सांगितलं, तिला कंटाळा आलाय शाळेचा. आणि मी मानलं." त्यानं थोरलीकडे पाहिलं. चेहरा विस्कटला होता. "मानणं सोयीचं होतं, ताई. चौदा वर्षांचा असताना सोयीचं होतं, आणि छत्तिसाव्या वर्षीही सोयीचंच होतं. मला माफ कर असं म्हणायची लायकी..."

"रडू नकोस," थोरली म्हणाली, आणि स्वतः घळाघळा रडू लागली. "तू रडलास की मला तुला गप्प करावंसं वाटतं, आणि आज मला तसं करायचं नाहीये! आज तू तुझा तूच गप्प हो."

साहेब तसाच रडत राहिला आणि हळूहळू, कुणाच्या मदतीशिवाय, गप्प झाला. आयुष्यात पहिल्यांदा. मग तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पितळेचा कीस त्याच्या कोटाला लागला आणि त्यानं तो झटकला नाही.

आप्पा मात्र अजून उभेच होते. तिनं त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. "बसा," ती म्हणाली. "मी तुम्हाला आज माफ करणार नाही, आप्पा. उद्याचंही सांगता येत नाही. पण बसा."

"बसतो," आप्पा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "थांबायची तयारी आहे माझी."

पाहुणे उठायला तयार नव्हते. अशी स्मृतिसभा त्यांनी कधी पाहिली नव्हती. पाठराखीण उपक्रम चालवणाऱ्या शिंपीणबाई मागच्या रांगेत होत्या. त्या पिशवीतून अर्जांचा गठ्ठा घेऊन पुढे आल्या, कारण लोक भावनेत असताना अर्ज भरून घ्यावेत हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. अर्जात दोनच रकाने होते. 'कोणाच्या स्मृतिप्रीत्यर्थ' आणि 'काय देत आहात'.

साहेबानं पहिला अर्ज ओढला. आईचं नाव लिहिलं, आणि पुढे लिहिलं: 'चाळीस खुर्च्या.'

"भाड्याच्या आहेत रे त्या," थोरली म्हणाली.

त्यानं खोडलं. बराच वेळ विचार केला, आणि लिहिलं: 'मुलीच्या घरचे ऐकत नसतील तर मी जाऊन बसेन. सुट्टी घेऊन.'

"मागची खोली माझ्याकडून," थोरली म्हणाली. "आप्पा?"

आप्पांनी मान डोलवली.

आजीबाईंनी काय लिहायचं ते ठरवलं नव्हतं. त्यांचं कुलूप अजून रुसलेलंच होतं आणि त्या कुणाला मध्ये बोलू देत नव्हत्या. मग शिंपीणबाईंनी एक अर्ज थोरलीसमोर ठेवला. "तुमच्या आईच्या नावानं ना? मी लिहू?"

"आईच्या नावानं खोली झाली. हा माझा आहे." थोरलीनं पेन घेतलं. 'काय देत आहात' समोर तिनं लिहिलं: 'दर शनिवारी चार ते सहा.' आणि वरच्या रकान्यात, थोडं थांबून, शाळकरी वळणदार अक्षरात: 'दहावीतली, पहिल्या बाकावरची मुलगी.'

शिंपीणबाईंनी चष्मा वर केला. "अहो, ही गेलेल्या माणसांची जागा आहे."

"गेलीच होती ती."

"मग?"

थोरलीनं आजूबाजूला पाहिलं. बारा मुली तिच्याकडे तोंड करून बसल्या होत्या, आणि दूधवाल्याची नात कधीपासून हात वर करून प्रश्न विचारायला थांबली होती.

शिंपीणबाई समजूतदारपणे म्हणाल्या, "असू दे. नाव खोडू का?"

"नाव राहू द्या," थोरली म्हणाली. "रकाना खोडा."